शेवटचं कोण?

मोर्चा मी काढला आणि रांग ताईने लावली. तिथेच सगळा विचका झाला.

नंतर लोक म्हणाले, असू दे, निदान आमदारांनी ऐकून तरी घेतलं. हे 'ऐकून घेतलं' ऐकलं की माझं डोकं सणकतं. ऐकून काय, भिंतपण घेते. पण हे मी आत्ताच सांगत बसले तर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून आधी दवाखान्याचं सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी दवाखाना आहे. आहे म्हणजे होता, माझ्या जिभेला अजून सवय झालेली नाही. तीन खोल्या, बाहेर भिंतीला लावलेली बाकं, आणि बाकांच्या वर लोकांची डोकी टेकून टेकून काळपट झालेला भिंतीचा पट्टा. तिथे टोकन नव्हतं की नंबर पुकारणारं यंत्र नव्हतं. आत शिरलं की विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी बोट वर करायचं. तो माणूस लक्षात ठेवायचा, मिळेल तिथे बसायचं, आणि तो आत गेला की पुढचे आपण. भांडणं सहसा होत नसत. झालीच तर ताई मिटवायची, कारण कोण कुणाच्या मागून आलं हे तिच्या डोक्यात अगदी पक्कं असायचं. डॉक्टरसुद्धा कधीकधी दारातून डोकं बाहेर काढून तिलाच विचारायचे, आता कुणाला पाठवताय.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही, माझं झालं पण टिकलं नाही, त्यामुळे आम्ही दोघी एकत्र राहतो. ती घरी बसून शाळांचे गणवेश शिवते. काज आणि कॉलर यांत तिचा हात धरणारं कुणी नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. टपावर पाटी, माझ्या पायाशी जादा ब्रेक, आणि दिवसभर शेजारी बसून आरडाओरडा. गल्लीत मला क्लचबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मी काही बहिरी नाही.

ताईला महिन्यातून एकदा इंजेक्शन लागतं. डोक्यासाठी. ते वेळेवर मिळालं की ती तुमच्याआमच्यापेक्षा शहाणी. चुकलं की तिला आवाज ऐकू यायला लागतात, आणि ते आवाज तिच्याशी धड बोलत नाहीत. मागे एकदा दवाखान्यात औषधच आलं नव्हतं, तेव्हा तिने एका अख्ख्या शाळेचे शिवून झालेले गणवेश उसवून ठेवले. कुणीतरी अस्तरात काहीतरी घालून शिवलंय म्हणाली. मग मोठ्या इस्पितळात चौघांनी तिला धरलं आणि पाचव्याने टोचलं. तेव्हापासून ती अंगाला हात लावू देते तो फक्त आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना. दुसरं कुणी सुई घेऊन आलं की उठून भिंतीला पाठ लावते आणि काही केल्या हलत नाही. सगळे उपाय करून झालेत. नर्सबाई रजेवर गेल्या की ताई शांतपणे त्यांची वाट बघते आणि मी देव पाण्यात घालून बसते.

तर सरकारने आरोग्यसेवेत सुधारणा करायची ठरवली. सुधारणा म्हटलं की मी आधी विचारते, बंद काय होणार. गल्लीबोळातले छोटे दवाखाने बंद होणार होते. त्यांच्याऐवजी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं केंद्र, औषधं घरपोच, आणि शंका असतील तर फोनवर सल्ला. विधेयक मांडणाऱ्यांत आमचा आमदार पुढे होता. मतदान व्हायचं बाकी होतं.

हा आमदार पूर्वी चष्मे विकायचा. अर्ध्या गल्लीच्या नाकावर अजून त्याच्याच दुकानातले चष्मे आहेत, ताईच्याही. ऑफिसही त्याने त्या जुन्या दुकानातच थाटलंय. माणूस गोड. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवणार, डोळ्यांसमोर भिंगं बदलत राहणार, "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं पुन्हा पुन्हा विचारणार, घाई म्हणून करणार नाही. एकट्या माणसाशी त्याच्याइतकं छान कुणी बोलत नाही. पण आम्हाला एकेकट्याने काही नकोच होतं. आम्हाला दवाखाना हवा होता, आणि तो सगळ्यांचा मिळून एकच होता.

मोर्च्याची तयारी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत झाली. माणसं बरीच जमली. पोस्टमनकाका आले, त्यांच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नाही आणि ड्रेसिंगसाठी त्यांना एक दिवसाआड दवाखाना लागतो. बेकरीवाली वहिनी आली, तिच्या मुलीला दमा आहे. मी म्हटलं, घोषणा देऊन बघू, तर सगळे प्रार्थना म्हणावी तसे पुटपुटले. दवाखान्यात आवाज करायचा नाही हे इतकी वर्षं अंगात मुरलेलं. एकाने तर घोषणा देऊन झाल्यावर 'सॉरी' म्हटलं. मी कपाळाला हात लावला आणि शिकाऊ गिऱ्हाइकांना शिकवते तसं त्यांना शिकवायला घेतलं. पोटातून आवाज काढा, खाली बघू नका, समोर बघा, आणि मध्येच सोडू नका. ताई कोपऱ्यात बसून फलकाच्या कापडाला चारही बाजूंनी दुमड घालत होती, कारण कच्ची कड तिला बघवत नाही. मधूनच माझ्याकडे बघून हसत होती. शेवटी बेकरीवालीचा आवाज असा काही लागला की शेजारच्या घड्याळवाल्याने येऊन विचारलं, काय झालं.

नर्सबाईंना येता येणार नव्हतं, सरकारी नोकरी. त्या म्हणाल्या, तुम्ही काय करताय ते मला माहीत नाही, आणि फलकावर दवाखान्याचं चित्र काढणार असाल तर खिडकी डाव्या बाजूला दाखवा.

मोर्च्याच्या दिवशी सुरुवात झकास झाली. सकाळी आम्ही आमदाराच्या ऑफिससमोर जमलो. फुटपाथ भरला, अर्धा रस्ताही भरला. मी माझी गाडी समोर आडवी लावली आणि टपावरच्या पाटीवर आमचा फलक बांधला. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. घोषणा अशा दणक्यात झाल्या की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. काचेमागे हालचाल दिसली. मला वाटलं, आता येतो बाहेर. आमचं ठरलं होतं की त्याने बाहेर यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं, मतदानात दवाखान्याच्या बाजूने की विरुद्ध. एवढंच. अडचणी सांगत बसायचं नाही, त्याला हो की नाही ते बोलायला लावायचं.

दार उघडलं आणि त्याचा सचिव बाहेर आला. टाय लावलेला, हसरा, अगदी साहेबाची नक्कल. म्हणाला, साहेबांना प्रत्येकाला भेटायचंय, प्रत्येकाची अडचण समजून घ्यायचीय, पण खोली लहान आहे, तेव्हा कृपा करून एकेकाने आत या.

मी म्हटलं, आम्ही आत येणार नाही, त्यांना बाहेर पाठवा.

तो म्हणाला, जशी तुमची इच्छा, आणि दार उघडंच ठेवून आत गेला. मी पुढची घोषणा द्यायला श्वास घेतला. तेवढ्यात एक म्हातारी, उशिरा आलेली, हातात पिशवी, गर्दीच्या कडेला येऊन उभी राहिली. तिने समोर उघडं दार बघितलं, दाराबाहेर थांबलेली माणसं बघितली, आणि इतकी वर्षं जे विचारत आली तेच विचारलं.

"शेवटचं कोण?"

आणि कुणीतरी बोट वर केलं. कोण ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळूही नये, नाहीतर त्याचं काही खरं नाही. एका बोटाने काम झालं. माणसं इकडेतिकडे बघायला लागली, आपण कुणाच्या मागून आलो ते आठवायला लागली. पोस्टमनकाका म्हणाले, मी बेकरीवालीच्या आधी आलो होतो. बेकरीवाली म्हणाली, काका, तुम्ही गाडीपाशी होतात, दाराशी मी होते. मी ओरडले की अहो, हा मोर्चा आहे, रांग कसली लावताय. माझ्याकडे कुणी लक्षही दिलं नाही. वाद वाढायला लागला तशी ताई पुढे झाली. वाद तिला सहन होत नाहीत. तिने शांतपणे सांगायला सुरुवात केली, काका आधी, मग तुम्ही, मग या, यांच्यामागे ते. जरा वेळाने अख्खा मोर्चा भिंतीला लागून सरळ उभा होता. फलकांच्या काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, म्हणजे हात मोकळे. आवाज सगळ्यांचे आपोआप खाली आले.

मी ताईला म्हटलं, "हे काय करतेयस?"

"भांडत होते," ती म्हणाली. "आता बघ कसे नीट उभे आहेत."

नीटच उभे होते. फोटोवाल्याने रांगेचा एक फोटो काढला आणि गेला. माझा संताप संताप झाला. मी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन एकेकाला समजावलं. आत एकटे गेलात की तुम्ही मोर्चेकरी नाही, गिऱ्हाईक आहात, तो तुम्हाला गोड बोलून वाटेला लावेल. सगळ्यांनी मान डोलावली. बरोबर आहे म्हणाले. जागा मात्र एकानेही सोडली नाही.

पोस्टमनकाका बाहेर आले ते खुशीत. मी विचारलं, मतदानाचं काय म्हणाला. काका म्हणाले, तो विषय निघालाच नाही, पण माझ्या पायाचं काम झालं. आपला फलक उचलून, अक्षरं आतल्या बाजूला करून, ते घरी निघाले. मग बेकरीवाली आली. तिचंही काम झालं होतं. मग बाकीचे, आणि त्यांच्यामागून पिशवीवाली म्हातारी. जो बाहेर येई तो हसत येई, मला 'चला' म्हणून जाई, आणि रांग एकाने कमी होई. मी गाडीला टेकून उभी होते आणि माझा मोर्चा माझ्यासमोर एकेक करून घरी जात होता.

शेवटी आम्ही दोघीच उरलो. मला आत जायचं नव्हतं. ताई म्हणाली, "आपला नंबर आलाय," आणि माझं बखोट धरलं.

आत अजून तो अक्षरांचा तक्ता भिंतीवर होता, वरचं अक्षर मोठं आणि खाली खाली बारीक. आमदार उठून उभा राहिला. ताईकडे बघून म्हणाला, चष्मा अजून टिकलाय की, फ्रेम मीच निवडून दिली होती ना. ताई खूश. मी म्हटलं, आम्ही चष्म्याचं बोलायला आलेलो नाही, दवाखाना बंद करायच्या बाजूने तुम्ही मत देणार का तेवढं सांगा. तो म्हणाला, दवाखान्याचं राहू द्या, तुमची अडचण सांगा. मी म्हटलं, दवाखाना बंद होतोय हीच अडचण आहे. तो म्हणाला, बरोबर, पण तुम्हाला स्वतःला त्याने काय त्रास होणार. असं तीनदा झालं. माणूस चिडत नाही हो. चिडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

तेव्हा मी ताईच्या इंजेक्शनचं सांगितलं. तिच्यादेखत सांगायला मला नको होतं, पण ती स्वतःच मान हलवून हो हो करत होती. आमदाराचा चेहरा पडला. खोटं नाही, त्याला खरंच वाईट वाटलं.

"औषध तर घरपोच येईल," तो म्हणाला. "त्याची तुम्ही काळजीच करू नका."

"औषध येईल. टोचणार कोण?"

"त्यासाठी फिरतं पथक आहे ना."

"पथकात कोण असणार?"

"ज्यांची त्या दिवशी ड्यूटी असेल ते."

ताई उठली. खुर्ची मागे सरकवून ती सरळ भिंतीकडे गेली आणि तक्त्याखाली पाठ लावून उभी राहिली. चष्म्यामागचे तिचे डोळे दारावर होते. सचिव काहीतरी बोलायला गेला तर मी त्याला हातानेच थांबवलं. आमदाराने ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या नेहमीच्या नर्सबाईच येतील घरी. दर महिन्याला. माझा शब्द आहे."

ताई परत येऊन खुर्चीत बसली आणि त्याला 'बरं' म्हणाली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. मतदानाचं विचारायचं मी विसरले. सकाळपासून ज्यासाठी घसा फोडला तेच विसरले आणि त्याचे आभार मानून बाहेर आले.

परतताना बेकरीत थांबलो. बेकरीवाली म्हणाली, झालं ना तुमचंही, चांगला माणूस आहे हो, माझ्या मुलीला वाफ द्यायला आपल्या नर्सबाई रोज संध्याकाळी घरी येणार आहेत. मी म्हटलं, कोण येणार आहेत? तिने पुन्हा सांगितलं. तिथून मी तडक पोस्टमनकाकांकडे गेले. त्यांच्या पायाचं ड्रेसिंग करायलाही नर्सबाईच येणार होत्या, एक दिवसाआड. पिशवीवाल्या म्हातारीला तर त्या रक्तदाब तपासायला येणार होत्याच, येताना तिचा भाजीपाला आणणार होत्या की काय तेवढंच विचारायचं राहिलं. त्या भल्या माणसाने एकच बाई सगळ्या गल्लीला वाटून टाकली होती.

मी दवाखान्यात गेले, ताई माझ्यामागे. नर्सबाई कापसाचे बोळे करून डब्यात भरत होत्या. मी सांगितलं तसं त्यांना हसू आलं. खळखळून हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाल्या की त्यांची नेमणूक कधीच झालीय. मोठ्या केंद्रात फोनवर. कानाला यंत्र लावून बसायचं, लोकांनी विचारायचं आणि त्यांनी सल्ला द्यायचा. पेशंटला हात लावायचं काम त्यांच्याकडे राहणारच नव्हतं. हे आमदाराला माहीत नव्हतं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला माहीत नसेलही. त्याने विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं.

मी पळतच ऑफिसवर गेले. दाराला कुलूप होतं. साहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. मग मी कुलपावरच ओरडले. भर रस्त्यात, एकटी, तोंडाला येईल ते. चष्म्यांवरून बोलले, हसण्यावरून बोलले, त्याच्या आईवडिलांनी त्याला काय शिकवलं इथपर्यंत गेले. येणारेजाणारे थांबून बघत होते. सकाळी इथे एवढी माणसं होती तेव्हा हा आवाज कामाचा होता, आता नुसता तमाशा होता. ताई जरा लांब उभी राहून माझ्याकडे एकटक बघत होती. मला दम लागला तसा तिने माझा हात धरला आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. भिंतीला लागून उभी असलेली शिस्तशीर माणसं, खाली ओळ: आरोग्य सुधारणांबाबत आमदारांशी चर्चा करण्यासाठी नागरिकांची रांग. पुढच्या आठवड्यात मतदान झालं. आमदाराने विधेयकाच्या बाजूने हात वर केला आणि भाषणात सांगितलं, मी माझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक माणसाला स्वतः भेटलोय. मी बातम्या बघत होते. रिमोट हातात होता, तो फेकला असता, पण टीव्ही माझाच आहे.

त्यानंतर मी पुन्हा लोकांना जमवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. घरोघर गेले, नर्सबाई फोनवर बसणार आहेत हे सांगितलं. सगळे म्हणाले, अहो, आपण गेलो होतो ना, भेटलो ना, आता परत कसं जायचं, बरं दिसत नाही. त्यांना फसवलं गेल्याचा राग यायच्या ऐवजी लाज वाटत होती. बेकरीवालीने मला गरम पाव दिला आणि विषय बदलला.

दवाखाना बंद व्हायच्या आठवड्यातच ताईची इंजेक्शनची तारीख आली. आदल्या दिवशी नर्सबाईंनी मला निरोप पाठवून एकटीला बोलावलं. टेबलावर संत्रं, सिरिंज आणि पाणी ठेवलं होतं. म्हणाल्या, हे मी शिकवलं असं कुठे बोलायचं नाही, बसा. औषध घरी येणार आहे, टोचायला कुणी येणार नाही, मग तुम्ही शिका. मी संत्र्याला टोचलं. परत टोचलं. संत्रं काही बोलत नव्हतं त्यामुळे माझं बरं चाललं होतं. त्या म्हणाल्या, उद्या ताईंच्या दंडावर, माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारखी आत गेली, स्टुलावर बसली, बाही वर केली. नर्सबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि सिरिंज माझ्या हातात दिली. ताईने बाही खाली घेतली.

"हिच्याकडून नको."

मी म्हटलं, अगं ताई, मी आहे, दुसरं कुणी नाही. ती म्हणाली, "माहितीये तू आहेस. तुझ्याकडून नको." नर्सबाईंनी विचारलं, का हो, काय झालं. ताई त्यांच्याशीच बोलली, माझ्याकडे बघितलं नाही.

"ही मला भिते."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"तारीख जवळ आली की कात्री लपवतेस," ती म्हणाली. "गणवेशाच्या गठ्ठ्याखाली. मी काही बोलत नाही, हातानेच सूत तोडते. तू जगावर ओरडतेस. त्या शिकणाऱ्या बायकांवर ओरडतेस, आमदारावर ओरडलीस, कुलपावर ओरडलीस. माझ्यावर कधी ओरडली नाहीस. मी दूध उतू घालवलं तरी नाही. मोर्चा घालवला तरी नाही. ज्याला आपण भितो त्याच्याशी माणूस असं गोड बोलतं. मोठ्या इस्पितळातले ते चौघे माझ्याशी फार गोड बोलत होते."

नर्सबाई कापसाचा बोळा हातात धरून उभ्या होत्या. बाहेर बाकांवर माणसं होती, दार लोटलेलं होतं, आणि माझ्या हातातली सिरिंज मला एकदम जड वाटायला लागली. मी ती ट्रेमध्ये ठेवली.

मग मी ओरडले. म्हटलं, हो, भिते. भिऊ नको तर काय करू. मला घरी यायला उशीर झाला की जिन्यात थांबून मी आधी कानोसा घेते, दार उघडल्यावर काय दिसेल म्हणून. तुझ्यामुळे मी एक दिवस कुठे बाहेर राहिलेली नाही. रांग लावायला तुला कुणी सांगितलं होतं, सगळ्यांना मी महिनाभर शिकवलं आणि तू सगळ्यांना भिंतीला लावून उभं केलंस, आणि वर म्हणतेस कसे नीट उभे आहेत. तुझ्या त्या आवाजांना म्हणावं, एकदा माझ्याशी बोला. थोरली तू आहेस ना, मग मला कधीतरी धाकटी होऊ दे की. मला धाकटी व्हायचंय. तू आजारी आणि मी शहाणी, किती वर्षं चाललंय हे, मी कंटाळले, मला तुझा कंटाळा आलाय. हे शेवटचं बोलले आणि मला रडू फुटलं.

ताई माझ्याकडे बघत होती, तशीच एकटक, जशी त्या दिवशी रस्त्यात बघत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिने बाही वर केली, चांगली खांद्यापर्यंत, आणि दंड माझ्या बाजूला केला. "सिस्टर, शिकवा हिला."

नर्सबाईंनी जागा दाखवली. मी बोळ्याने पुसलं. डोळ्यांतल्या पाण्याने मला नीट दिसत नव्हतं, ते नर्सबाईंनीच त्यांच्या बाहीने टिपलं. मी सुई दंडाशी नेली, मागे घेतली, परत नेली, आणि मी भितेय हे तिघींनाही दिसत होतं. सुई आत गेली. ताईने श्वास रोखला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि औषध संपेपर्यंत काढला नाही.

मग बाही खाली घेत ती म्हणाली, "दुखलं. पुढच्या महिन्यात नीट टोच."